ओटीपी आईकडेच राहू दे

उन्हाळ्यात देवगडला सकाळचे अकरा वाजतात तेव्हा इथे न्यू जर्सीत रात्रीचा दीड वाजलेला असतो. बँकेच्या, पोलिसांच्या किंवा महावितरणच्या नावाने येणारे खोटे फोन कामकाजाच्या वेळेत आले तरच खरे वाटतात, आणि ती वेळ आपल्या गाढ झोपेची. फोन वाजतो तेव्हा पडवीत जो बसलेला असतो, निर्णय त्यालाच घ्यायचा असतो. म्हणून माझं म्हणणं असं की गावाकडच्या घरातला फोन, कॉम्प्युटर आणि बँक आपण इथून चालवणं बंद करावं. आपल्याला ती काळजी वाटते, पण त्यामुळे आईवडिलांचा धोका वाढतो.

आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या बहुतेक घरांतली व्यवस्था आठवून बघा. आईचं नेटबँकिंग मुलाच्या लॅपटॉपवर उघडलेलं. लाइटबिल भरायचं झालं की इकडून फोन जातो, “आई, आत्ता एक नंबर आलाय बघ, वाचून दाखव.” त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की हा नंबर कोणालाही सांगू नका. आपण म्हणतो, मी कोण परका आहे का? असं महिन्यामागून महिने चालतं आणि फोनवरच्या आवाजाला ओटीपी वाचून दाखवायची सवय आईला लागते. ती सवय चोराने लावलेली नाही. चोर फक्त तिचा फायदा घेतो. आता तर आवाजाचा थोडासा नमुना मिळाला तरी हुबेहूब नक्कल करता येते. “मुलाचाच आवाज होता” ही खात्रीही त्यामुळे पुरेशी राहिलेली नाही.

एनीडेस्कसारख्या ॲपचंही तेच. प्रिंटर चालत नाही म्हणून आपण ते टाकायला सांगतो, आकडे विचारतो आणि इथून माउस फिरवतो. याच ॲपचा वापर करून खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना दिला होता. ॲप वाईट नाही. पण अनोळखी माणसाने तेच करायला सांगितलं, तर ते ओळखीचं काम वाटतं. काम झालं की ॲप काढून टाकायला सांगा. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन बघून “आता डावीकडचं बटण दाबा” असं सांगायला वेळ लागतो, तो द्यायला हवा.

जामसंड्याची माझी मावशी या बाबतीत ठाम आहे. गेल्या भेटीत तिचा गॅस बुक करायला मी फोन हातात घेतला, तर म्हणाली, “झिला, तू नको करू. माका दाखव, मी करतंय.” दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिने स्वतः केलं. तिच्या स्वयंपाकघरात दाराआड कालनिर्णय लटकतं. त्यावर दुधाचा खाडा, गॅस आल्याची तारीख आणि कोपऱ्यात लाल पेनाने ठळक १९३०. सायबर फसवणूक झाली तर भारतात लावायचा हा नंबर. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. तक्रार लवकर गेली तर ते वाटेत रोखता येण्याची शक्यता असते, उशिरा गेली तर फारसं काही हाती लागत नाही. आपल्या परदेशी फोनवरून हा नंबर सहसा लागत नाही. तो तिथूनच, त्यांनीच लावायला हवा, आणि आधी मुलाला उठवायला हवं असं त्यांना वाटता कामा नये. १९३०च्या शेजारी बँकेच्या शाखेचा नंबर लिहा, पासबुकावरून बघून. गुगलवर शोधून नको, कारण तिथे खोटे ग्राहकसेवा नंबर पेरलेले असतात.

बँकेचा नियमही याच बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे प्रत्येक मिनिट मोलाचं.

पैशांची मांडणीही बदलावी. ज्या खात्यात आयुष्याची पुंजी आहे, तेच खातं फोनच्या यूपीआयला जोडलेलं मी अनेक घरांत पाहिलं. वेगळं छोटं खातं उघडा, महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे त्यात ठेवा आणि यूपीआय त्यालाच जोडा. मुदतठेवी असलेल्या खात्याला फोन लागूच देऊ नका.

आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. आंब्याच्या हंगामात हे फार महत्त्वाचं, कारण घरोघरी व्हॉट्सॲपवर अनोळखी लोकांच्या ऑर्डरी येतात. लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून मोठी ऑर्डर द्यायची, “ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका” म्हणायचं, ही भारतभर चाललेली जुनी युक्ती आहे. दुसरी युक्ती व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलची. पीएम किसान, वाहतूक चलन, लग्नपत्रिका असं काहीही नाव असेल, पण शेवटी एपीके लिहिलेलं असलं तर ते ॲप असतं, पत्रिका नव्हे. उघडायचं नाही. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच. तिसरी, “आज रात्री वीज तोडणार” असा मेसेज. पहिल्या पावसाबरोबर वीज जाणाऱ्या गावात तो खरा वाटतो, पण महावितरण कोणाच्या खासगी मोबाइल नंबरवर फोन करायला सांगत नाही. आणि ‘डिजिटल अटक’ अशी गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीच ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलंय. व्हिडिओ कॉलवरचा पोलीस कितीही ओरडला तरी फोन ठेवायचा.

पासवर्ड वहीत लिहू नका, असा सल्ला आपण ऑफिसातून उचलून घरी नेतो. मला तो पटत नाही. झारखंडात किंवा कंबोडियात बसलेल्या चोराचा हात देवगडच्या कपाटातल्या वहीपर्यंत पोचत नाही. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे लांब पासवर्ड वहीत लिहिलेले बरे. यूपीआयचा पिन मात्र डोक्यातच ठेवायचा.

कॉम्प्युटरचं थोडक्यात. आपण सुटकेसमधून नेऊन दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज १० असतं. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळतात. नोंदणी नसेल तर त्यावर नाटकं बघा, बँक उघडू नका. बँकेचा पत्ता आता डॉट बँक डॉट इन असा संपलेला असावा, तो आपण एकदा बुकमार्क करून द्यावा. जांभ्याच्या चिऱ्यांतून वायफाय धड जात नाही, म्हणून राउटर मधल्या खोलीत ठेवा, आणि वीज कडाडू लागली की त्याचा प्लग काढायचा.

“त्यांचं वय झालंय, हे जमणार नाही,” असं मंडळात मला हमखास ऐकायला मिळतं. हीच माणसं २०२१पासून बागेत उभी राहून सरकारी ॲपवर ई-पीक पाहणीचे फोटो काढताहेत. शिवाय खरंखोटं पारखणं देवगडच्या माणसाला नवीन नाही. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत विकला जातो, म्हणून तिथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर आणला. पेटीवर काय छापलंय यावर जाऊ नका, फळावरचा क्रमांक तपासा, हे ते गिऱ्हाइकाला सांगतात. फोनवर माणूस स्वतःला काय म्हणवतो यावर न जाता नंबर तपासायचा, हे त्यांना समजावून सांगायला किती वेळ लागेल?

या डिसेंबरात जे गावी जाताहेत, त्यांनी एक दुपार यासाठी राखून ठेवावी. लाइटबिल त्यांच्याच हातून भरून घ्यावं, छोटं खातं उघडून द्यावं, दोन नंबर भिंतीवर लिहावेत. मग शेजारच्या खोलीत जाऊन दुसऱ्या फोनवरून बँकेचा माणूस म्हणून फोन लावावा, ओटीपी मागावा. नंतर मुलगा म्हणून मागावा. दोन्ही वेळा आई “नाही” म्हणेपर्यंत हा सराव करावा.