जुनी मिळकत आणि दुरुस्तीचा हिशेब

कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा शाहूपुरीत भाड्याच्या उत्पन्नावर दृष्टी ठेवून जुने घर घेऊ इच्छिणारा गृहस्थ जागेचा भाव, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च पै-पैशाने मांडतो. परंतु दुरुस्तीच्या रकान्यात मात्र ठेकेदाराने तोंडी सांगितलेला चौरस फुटाचा एक ठोकळ दर लिहून निश्चिंत होतो, ही रीत मला अत्यंत अनर्थकारक वाटते.

हा दर नव्या बांधकामास शोभतो, कारण तेथे भिंतीच्या पोटात काय आहे हे बांधणाऱ्यास ठाऊक असते. जुन्या वाड्यात तुळईचे जे टोक मातीच्या भिंतीत रुतलेले असते तेच ओलीने प्रथम कुजते आणि बाहेरून ते दिसत नाही; सबब त्या टोकाजवळचा गिलावा खरवडून, लाकडात दाभण खुपसून पाहिल्यावाचून केलेले अंदाजपत्रक हे अंदाजपत्रकच नव्हे. चुना काढून सिमेंटचा गिलावा चढविला असेल, तर आतल्या ओलीला बाहेर पडण्यास वाट न उरल्याने भिंत आतल्या आत खचत जाते, आणि वरचा ताजा रंग पाहून खरेदीदार प्रसन्न होतो!

त्यात कोल्हापूरची गोष्ट निराळी आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असता २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांपलीकडे गेले, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, शहराने पुन्हा महापूर पाहिला. सुतारवाडा किंवा शाहूपुरीतील कुंभार गल्ली अशा भागांत दुरुस्ती हा एकवेळचा खर्च नव्हे. तो भाड्याच्या उत्पन्नातून वारंवार वजा होणारा खर्च आहे. निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध असल्याने, ‘न जमल्यास पाडून बांधू’ हेही तेथे गृहीत धरता येत नाही.

घरात जुना भाडेकरू असेल, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वये, उलट करार नसल्यास, मिळकत सुस्थितीत राखण्याची जबाबदारी, भाडे कितीही अल्प असो, नव्या मालकाकडे येते.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी, शक्य तर आषाढाच्या झडीत, जाणता अभियंता आणि जुन्या कामाचा गवंडी यांना सोबत नेऊन छप्पर, तुळया, भिंती, मोऱ्या व वीजजोडणी यांची स्वतंत्र मोजदाद करून घ्यावी; आणि विकणारा गिलावा खरवडू देत नसेल, तर ती भिंत नव्यानेच बांधावी लागणार असे धरून तेवढी रक्कम किमतीतून वजा मागावी.