केव्हा?

दिवाळी अंक हाती आला की निम्मे वाचक तो मागून उघडतात. राशिभविष्य तिथे असते. आमच्याही अंकात आहे, नसले तर पत्रे येतात. यंदा त्याच्या अलीकडे भूकंपावरचे चार लेख आहेत आणि 'केव्हा?' याचे उत्तर त्यांतल्या एकातही नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून किल्लारी दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. जगाच्या हिशेबात हा मध्यमच. तरी आठ-दहा हजार माणसे गेली. मारले ते भिंतींनी. दोन-दोन हात रुंद, चिखलात रचलेल्या दगडांच्या भिंती आणि वर मातीचे माळवद. ते गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. आजोबांनी टाकलेला थर कोण उकरून काढणार? डोक्यावरचे ओझे वाढतच गेले. कुडाच्या छपरात झोपलेले पुष्कळ वाचले, चिरेबंदी घरातले दबले.

पूर्वसूचना नव्हती का? म्हटले तर होती. वर्षभर आधी, १९९२च्या ऑक्टोबरात, किल्लारीला हादरे बसत होते. पण हादरे २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू तालुक्यात धुंदलवाडीकडेही बसू लागले. लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या, आणि किल्लारीसारखा मोठा धक्का काही आला नाही. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगला छोट्या धक्क्यांवरून लोकांना बाहेर काढले आणि ते वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला तसा इशारा कुणी दिला नाही. सरकारी आकडा २ लाख ४२ हजार मृतांचा.

भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेला रेटतो आहे. तो ताण दख्खनच्या काळ्या पाषाणाखालच्या जुन्या भेगांतही साठतो. भेग सरकू लागली की ती हातभर जाऊन थांबेल की मैलोगणती फाटत जाईल, हे सुरुवातीला ओळखू येत नाही, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. कोयनेत तर जागाही ठाऊक आहे. १९६७च्या डिसेंबरातल्या मोठ्या धक्क्यापासून धरणालगतचा तो टापू अजून कुरकुरतो, आणि गोठणे येथे जमिनीत तीन किलोमीटर भोक पाडून शास्त्रज्ञांनी खालच्या खडकाचा ठाव घेतला. 'कुठे' हे बरेचसे कळले. 'केव्हा' हे मात्र तिथेही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. सांगणारा भेटलाच, तर त्याची जागा आमच्या शेवटच्या पानांवर.

हे लिहितो आहे ती आमची इमारत चार मजली. तळमजल्यावर गाळे काढताना मधल्या दोन भिंती गेल्या. गच्ची गळते म्हणून वर कोब्याचा तिसरा थर चढतो आहे, आधीचे दोन तसेच ठेवून. सोसायटीच्या सभेत विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, दिवाळी तर होऊन जाऊ द्या!"