कोड टाइप करणं म्हणजेच काम?

‘इंजिनिअर दिवसभरात कोड लिहितात तरी किती? बाकी वेळ मीटिंगांत आणि जुना कोड वाचण्यात जातो. आता तर कोड यंत्रच लिहितं. मग एवढी माणसं कशाला पोसायची?’ ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मुलांना हल्ली हे ऐकून घ्यावं लागतं. काही मीटिंगा निव्वळ वेळखाऊ असतात, हे मान्य. पण कोड टाइप करणं म्हणजेच काम, हे गृहीतकच मुळात चुकीचं आहे.

याच देशात 1949 मध्ये ते खोटं ठरलं होतं. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर काम करणाऱ्या मॉरिस विल्क्स यांना तेव्हाच उमगलं की उरलेल्या आयुष्याचा बराच काळ आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. त्यांच्या 126 ओळींच्या प्रोग्रॅममध्ये वीसेक चुका निघाल्या. सॉफ्टवेअरतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या वेळेची वाटणी मांडली, तीत कोड लिहायला सहावा हिस्सा आणि तपासणीला निम्मा वेळ दिला.

ओळीच मोजायच्या, तर ब्रिटिश पोस्टाच्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या संगणक प्रणालीच्या मोजा. संख्येचं चिन्ह उलटवायला तिच्यापुढे वजा चिन्ह लावलं की झालं. तिथे मात्र लिहिलं होतं: संख्या ऋण असेल तर धन करा, नाहीतर तिच्यातून तिची दुप्पट वजा करा! 1998 च्या अंतर्गत अहवालाने हा नमुना दाखवून तो भाग नव्याने लिहिण्याचा विचार करायला सांगितलं. ते न करता ठिगळं लावली गेली. पुढे 1999 ते 2015 या काळात पोस्टाच्या शाखा चालवणारे 900हून अधिक पोस्टचालक गुन्हेगार ठरले. होरायझनने दाखवलेली तूट खरी मानून कित्येकांना तुरुंगात धाडलं गेलं.

होरायझनचाच स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनचा 2015 मधला प्रकार पाहा. पैसे जमा करताना स्क्रीन गोठली. पोस्टचालक बाईंनी पुन्हा पुन्हा एंटर दाबलं आणि दर वेळी तीच रक्कम मुकाट्याने नोंदली गेली. तूट दिसली 24,000 पौंडांची! असा दोष नवा कोड टाइप करून सापडत नाही. त्यासाठी बाईंचं म्हणणं खरं मानून ऐकावं लागतं, नोंदी वाचाव्या लागतात, तोच घोळ पुन्हा घडवून पाहावा लागतो. संध्याकाळी दाखवायला एकही नवी ओळ नसते, तरी दिवसभर इंजिनिअरने कामच केलेलं असतं.

यंत्राने कोड भराभर लिहिला, तर वाचायचा आणि तपासायचा कोडही तितकाच वाढेल. कपातीची यादी करणाऱ्यांनी एवढंच सांगावं: एखादी पोस्टचालक फोन करून ‘माझा हिशेब बरोबर आहे’ म्हणेल, तेव्हा तो कोड उघडून वाचायला कोण बसणार?