तास बघायला कुणी येतं का?

गेल्या शनिवारी पुण्याहून ताम्हिणीमार्गे महाड गाठलं आणि चक्क कॉलेजात जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. दहा वर्षांनी! कारण ताई. ताई म्हणजे माझी मामेबहीण, माहेर पोलादपूरचं, सासर महाडचं. बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "एमआयडीसीत लॅबमधे जागा आहे, विचार करतेय. इतकी वर्षं शिकवतेय, पण मला जमतं की नाही हे आजवर कुणी सांगितलेलं नाही."

हे वाक्य डोक्यातून जाईना.

आमच्याकडे बघा. नोकरीला लागलो तेव्हा पहिले तीन महिने नुसतं ट्रेनिंग. आजही मी दोन ओळींचा कोड लिहिला तरी दुसरा कुणीतरी वाचल्याशिवाय तो पुढे जात नाही. (वाचणारा कधीकधी डोळे मिटून 'ओके' म्हणतो हा भाग वेगळा.) चौथीच्या पोरांना शिकवायचं तर डीएड लागतं, आठवीला शिकवायचं तर बीएड. आणि कॉलेजात? एमएस्सी करा, नेट किंवा सेट द्या, उभे राहा फळ्यापुढे. त्या परीक्षांच्या पहिल्या पेपरात शिकवण्याचा कल तपासतात म्हणे, तेही चारातला एक पर्याय निवडून! असं कुणी पोहायला शिकलंय का?

बरं, सरकारने काही केलं नाही असंही नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने विद्यापीठांमधे अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. नव्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स, जुन्यांसाठी रिफ्रेशर. 2015 मधे त्यांचं नाव बदलून एचआरडीसी झालं, 2023 पासून मालवीय मिशन आहे. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटकांनी तर भन्नाट प्रयोग केला होता. एकाच वेळी दहा हजार शिक्षकांपर्यंत पोहोचायचं! पवईत मुख्य वर्ग आणि देशभरच्या कॉलेजांत व्हिडिओने जोडलेली केंद्रं, शिक्षकांनी फक्त जवळचं केंद्र गाठायचं. 2017 मधे स्वयम् आलं, आता मोबाईलवरही कोर्स करता येतात.

मग अडतं कुठे? मला वाटतं, पहिली गडबड ही की हे कोर्स बढतीला बांधलेले आहेत. अमुक वर्षांत अमुक कोर्स केले की पुढची श्रेणी. त्यामुळे बरेच जण सर्टिफिकेटसाठी जातात. यात नाक मुरडायला मी कोण? सिक्युरिटीचं सक्तीचं ट्रेनिंग मी दरवर्षी दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवून संपवतो. पण ताईला बढतीच नाही. आणि दोन आठवडे तास सोडून मुंबईला राहायचं तर तेवढे पैसे बुडाले, वर राहण्याचा खर्च. महाडहून मुंबई दीडशे किलोमीटरच्या वर, आणि आपला मुंबई-गोवा हायवे कसा आहे हे काय सांगायचं!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कोर्समधे शिकवण्याबद्दल ऐकायला मिळतं, पण तुमचा तास कुणी बघत नाही. हार्वर्डमधे एरिक माझूर नावाचे फिजिक्सचे प्रोफेसर आहेत. मुलं त्यांच्यावर खूश होती, गणितंही सोडवत होती. 1990 च्या सुमाराला त्यांनी न्यूटनच्या नियमांवर साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न विचारले आणि पोरं धडाधड चुकली. मग त्यांनी पद्धत बदलली. एक प्रश्न टाकायचा, उत्तर मागायचं, शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचं, परत उत्तर मागायचं. बस्स. यंत्रसामग्री शून्य.

हेच ताईने रात्री भांडी आवरून मोबाईलवर एका कोर्समधे पाहिलं होतं, पण वर्गात करायची हिंमत होत नव्हती. म्हणून मला बोलावलं. मी हात मोजायचे, एवढंच काम.

प्रश्न होता, समतोल आला की अभिक्रिया थांबते का? वर्गात 38 मुलं. 'हो' म्हणून 29 हात वर! ताईचा चेहरा पडला, कारण हा धडा तिने आदल्याच आठवड्यात शिकवून संपवला होता. मग पाच मिनिटं नुसता कलकलाट. मधेच एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, एसटी स्टँडसारखं. जेवढ्या गाड्या आत येतात तेवढ्याच बाहेर जातात. स्टँडवर आकडा तोच दिसतो, पण गाड्या थांबल्यात का?" परत हात मोजले. 'हो' म्हणणारे नऊ.

जेवताना मी माझी थिअरी मांडली. महाड-पोलादपूर-माणगावच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकमेकांचे तास बघावेत. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं आख्खं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, 1989 मधे स्थापन झालेलं. शनिवारी तिथे जमावं, चर्चा करावी. खर्च म्हणजे एसटीचं तिकीट. आमच्या कोड रिव्ह्यूसारखं!

ताई हसली. "तुझा कोड चुकला तर तुला काढतात का? मला दरवर्षी नव्याने घेतात. मागे बसलेला माणूस शिकायला आलाय की माझं नाव कापायला, हे मला कसं कळणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. थिअरीत हे कलम आता घालतोय. बघणारा वरिष्ठ नको, आपल्याच कॉलेजचा नको, आणि त्याने लिहिलेला कागद ज्याचा तास त्याच्याकडेच राहावा. आणि तासावरच्या शिक्षकाला त्या दिवसाचे पैसे द्यावेत. याला नवीन इमारत लागत नाही, नवीन नावही लागत नाही.

एमआयडीसीचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. निघताना गाडीपाशी येऊन तिने हळूच विचारलं, "मी फळ्याकडे तोंड करून फार बोलते का रे?"

म्हटलं, "हो. आणि पहिल्या बाकावरच्या मुलींनाच प्रश्न विचारतेस."

"बरं," म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत ये."