अडले कुठे, ते आधी मोजा

दुधाच्या बिलातून बाजूला काढलेल्या पैशांचे ग्राफिक्स कार्ड संगणकात बसले आणि गेम होती तिथेच राहिली. इंदापूर तालुक्यातल्या कळसला बहिणीच्या घरी गेल्या महिन्यात हे डोळ्यांनी पाहिले. भाचा अकरावीला आहे. बारामतीच्या एका दुकानातून त्याने जुन्या संगणकासाठी नवे कार्ड आणले होते. गेममधली गाडी मोकळ्या रस्त्याने पळत असली की पडद्याच्या कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे येतात त्याचा, आकडा ६० दाखवायचा. शहरातल्या चौकात शिरली, माणसे आणि वाहने वाढली, की आकडा एकदम ३०. जुन्या कार्डावरही तिथे ३०च यायचे. "मामा, एवढं कार्ड घातलं तरी चौकात आलं की गेम अडकतीयच," तो म्हणाला. दुकानदाराने त्याला फोनवर सांगितले होते, याहून मोठे कार्ड घ्यावे लागेल.

हा सल्ला चुकीचा होता. तो किती घरांत पोचत असेल या काळजीने हे लिहीत आहे.

साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. तो अर्धा रंगून झालेला असताना कार्डाने पुढचे चित्र मध्येच सरकवले, तर वरच्या भागात जुने, खालच्या भागात नवे आणि दोहोंमध्ये आडवी चीर दिसते. मुले म्हणतात, स्क्रीन फाटते. ती फाटू नये म्हणून गेममध्ये व्ही-सिंकची सोय असते. चित्र तयार झाले तरी पडद्याची पुढची पाळी येईपर्यंत ते थांबवून धरायचे, एवढेच तिचे काम.

पाळी म्हणजे काय, हे इंदापूर तालुक्यात कुणाला सांगावे लागत नाही. खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन शेपटाला पोचेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. शेजपाळीतली आपली वेळ तासाभराने हुकली काय नि दिवसाने हुकली काय, पीक पुढच्या आवर्तनापर्यंत तहानलेलेच राहते. व्ही-सिंकचा हिशेब असाच कडक आहे. चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार झाले नाही, १७ लागले, तरी त्याला पुढची पाळी मिळते ती ३३.३ मिलिसेकंदांची. बफर म्हणजे चित्र ठेवायची जागा; दोनच बफर असतील तर एकात पडद्यावरचे चित्र आणि दुसऱ्यात थांबलेले चित्र असते. पुढचे काम सुरू करायला कार्डाला जागाच उरत नाही. म्हणून आकडा ६० वरून ५८ वर येत नाही, थेट ३० वर आदळतो. तेही झेपले नाही तर २०, मग १५. तिसरा बफर दिला तर ही आदळआपट कमी होते, पण चित्रे कधी एका पाळीला, कधी दोन पाळ्यांना येतात आणि चालीत हिसका जाणवतो.

भाच्याला सांगितले, आधी व्ही-सिंक बंद कर. स्क्रीन फाटू लागली, पण चौकातला आकडा ३० वरून ५२ झाला. म्हणजे एका चित्राला सुमारे १९ मिलिसेकंद लागत होते आणि प्रत्येक चित्रामागे १४ मिलिसेकंद नुसते थांबण्यात जात होते. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायला लावले. पडद्यावरचे ठिपके २० लाख ७३ हजारांवरून ९ लाख २१ हजारांवर आले, कार्डाचे ओझे निम्म्याहून कमी झाले. आकडा ५२च राहिला. कार्डाकडे अडत असते तर तो वर गेला असता. कार्ड बसून होते. ते वाट पाहत होते प्रोसेसरची.

"पण प्रोसेसर तर ४० टक्केच चाललाय," भाचा म्हणाला. फसगत होते ती इथेच. ४० टक्के ही प्रोसेसरच्या आतल्या सगळ्या कोअरची सरासरी. एकेका कोअरचा आलेख उघडल्यावर एक कोअर माथ्याला टेकलेला आणि बाकीचे बरेचसे रिकामे दिसले. चौकातल्या प्रत्येक माणसाने कुठे वळायचे, कोणती गाडी कुणाला धडकली, कार्डाला काय काय रंगवायला सांगायचे, ही कामे प्रोसेसर करतो, आणि अनेक गेममध्ये त्यांचा मोठा भाग एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतो. तो धागा ज्या कोअरवर, तिथे सगळे तुंबते.

भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याचा हंगाम पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगावे. तोडणीच्या टोळ्या कमी पडल्या आणि उसाची गव्हाण रिकामी राहिली, तर मिल कितीही मोठी असो, गाळप वाढत नाही. भाच्याने टोळ्या होत्या तेवढ्याच ठेवून मिल मोठी केली होती.

व्ही-सिंक चालू असताना तर हे अडणे दिसतही नाही. पाळीची वाट पाहताना कार्ड आणि प्रोसेसर दोघांचेही आकडे खाली राहतात, दोघेही निवांत वाटतात, आणि बघणाऱ्याचा संशय नेमका महागड्या वस्तूवर जातो. अडले कुठे ते शोधायचे असेल, तर तेवढा वेळ व्ही-सिंक बंद हवे.

याचा अर्थ व्ही-सिंक वाईट असा नाही. ज्या संगणकाला ९० एफपीएस सहज झेपतात, त्याने ६० वर थांबणेच चांगले. वीज वाचते, पंखा ओरडत नाही, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तापणारा लॅपटॉप जरा थंड राहतो. २०१२ साली अँड्रॉइड ४.१ने सगळा पडदा व्ही-सिंकच्या तालावर आणला आणि तिसरा बफर दिला, तेव्हापासून फोनवरची बोटाची सरक मऊ झाली. मॉनिटरसाठी २०१३ साली एन्व्हिडियाने जी-सिंक आणले आणि २०१४ साली व्हेसा या संस्थेने अ‍ॅडाप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातले. अशा मॉनिटरवर चित्राने पडद्यासाठी थांबायचे नसते, पडदाच चित्रासाठी थांबतो. ५२ तयार झाली तर ५२ दिसतात, चीरही पडत नाही. पण प्रोसेसर अडलेला असेल, तर ५२ ची ६० काही तो मॉनिटर करून देणार नाही.

भाच्याच्या घरचा उपाय फुकटात झाला. गेममधली गर्दी आणि लांबवरच्या सावल्या कमी केल्या, कारण त्यांचे ओझे प्रोसेसरवर पडते. एका चित्राचा वेळ १६ मिलिसेकंदांच्या आत आला. व्ही-सिंक पुन्हा चालू केले. चौकातही आकडा ६० वर ठाम राहिला. हीच खटपट जुन्या कार्डावर आधी झाली असती, तर पैसे घरात राहिले असते. खोके फोडलेले म्हणून दुकानाने कार्ड परत घेतले नाही.

संगणक विकणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. बिल फाडण्याआधी गिऱ्हाइकाला त्याचा संगणक घेऊन यायला सांगा. व्ही-सिंक बंद करा, रिझोल्यूशन उतरवा, एकेका कोअरचा आलेख उघडा. आकडा वर गेला तर कार्ड विका. तिथेच राहिला तर कार्ड विकू नका, ते पैसे प्रोसेसरसाठी ठेव म्हणून सांगा. याला पाच मिनिटे लागतात. शिकवणाऱ्यांनीही हा धडा हाती घ्यावा. बारामतीत १९७२ पासून विद्या प्रतिष्ठानसारखी संस्था उभी आहे, आसपासच्या गावांतली मुले तिथे संगणक शिकायला जातात. प्रोसेसर, बफर आणि वेळेचा मेळ फळ्यावरच्या चौकोनांत समजायला सहामाही जाते. चालत्या गेममध्ये तो एका तासात दिसतो, आणि ज्याने स्वतः मोजला तो विसरत नाही. भाच्याने वहीच्या मागच्या पानावर सगळे आकडे रकान्यांत मांडले आहेत, आणि वाडीवरचे दोन मित्र आता आपापले संगणक त्याच्याकडे घेऊन येतात.

त्याच्या आईचे दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीत जाते. कॅन काट्यावर चढतो, फॅट लागते, मग दर ठरतो. पॉइंटभर फॅट कमी लागली तर तेवढे पैसे कापले जातात. रोज दोनदा मोजल्या जाणाऱ्या दुधाचा पैसा काउंटरवर येतो, तेव्हा त्याच्या बदल्यात काय द्यायचे तेही एकदा मोजून ठरले पाहिजे.