वाजवाय भेटतंय का?

‘‘गेटवर चेकिंग नव्हतं का त्यांच्याकडं?’’

जॉनी कॅशचं गाणं ऐकून माझ्या मावसभावाची ही पहिली रिअ‍ॅक्शन. आम्ही चाकणला, तळेगाव चौकाच्या जरा अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. म्हणजे रोजचंच. फर्स्ट शिफ्ट सुटलेली, कंपनीच्या बसेस, कंटेनर, सहा सीटर, सगळं एकमेकांच्या अंगावर. करायला काहीच नव्हतं म्हणून मी मोबाइलवर ‘वन पीस अ‍ॅट अ टाइम’ लावलं आणि दादाला स्टोरी मराठीत सांगत गेले. १९७६ चं गाणं. डेट्रॉइटमधला असेंब्ली लाइनवरचा एक कामगार. आयुष्यभर कॅडिलॅक बनवतो, पण विकत घ्यायची ऐपत नाही. मग हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं रोज जेवणाच्या डब्यातून एकेक पार्ट घरी नेतो! शेवटी जोडायला बसतो तेव्हा कळतं, मधल्या काळात मॉडेल बदललीत. एकाचं होल दुसऱ्याच्या बोल्टला बसत नाही. तयार होतं ते एक भन्नाट ध्यान.

दादा इतका हसला की मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारला तरी याला पत्ता नाही. माझा दादा बीड जिल्ह्यातला, आयटीआय फिटर, एका व्हेंडर कंपनीत प्रेस शॉपला. इंग्रजी गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मॉडेल चेंज झाल्यावर जुना पार्ट बसत नाही, यातला विनोद त्याला माझ्यापेक्षा जास्त कळला, हे मला मान्य करावं लागलं.

आणि मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी मला स्वतःलाच हल्ली कळलीये. हा जॉनी कॅश खरोखर कार कंपनीत होता. १९५० मध्ये, अठरा वर्षांचा असताना, अर्कान्सामधलं कापसाचं शेत सोडून तो मिशिगनमधल्या पॉन्टियॅक गावी गेला आणि फिशर बॉडीच्या कारखान्यात कामाला लागला. ही फिशर बॉडी जनरल मोटर्सचीच. हो, तीच जनरल मोटर्स, जिचा तळेगावचा प्लँट २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरमध्ये ज्याची लाइन थांबली आणि जो पुढे ह्युंदाईने घेतला. कॅश तिथे काही आठवडेच टिकला. मग एअरफोर्समध्ये गेला, परत आला आणि १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्ससाठी गायला लागला. कपाशी वेचणारा पोरगा, मग कंपनी, मग गाणं. ‘‘म्हंजे आपल्याकडलाच की,’’ दादा म्हणाला.

एकदम करेक्ट! या संगीताला रॉकबिली म्हणतात. रॉक अधिक हिलबिली. हिलबिली ही तिकडची शिवी, डोंगरातला, अडाणी. थोडक्यात, पुण्यात आपण नाक मुरडून ‘गावठी’ म्हणतो ना, ते. त्या काळात केंटकी, टेनेसी, अर्कान्साकडची लाखो माणसं शेती सोडून उत्तरेकडच्या कारखान्यांत निघाली होती. त्या रस्त्याला ‘हिलबिली हायवे’ असंच नाव पडलं. डेट्रॉइटचे घरमालक या लोकांना खोल्या द्यायला कुरकुर करायचे. ‘बॅचलर मुलांना रूम मिळणार नाही’ ही पाटी तुम्ही म्हाळुंग्यापासून मोशीपर्यंत वाचलेली असेलच, त्यामुळे जास्त खुलासा करत नाही.

गाणं कसं? जुलै १९५४ मध्ये सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्लीचं पहिलं रेकॉर्ड झालं तेव्हा खोलीत तीन माणसं वाजवत होती. एल्व्हिस स्वतः, जो तेव्हा एका इलेक्ट्रिक कंपनीचा ट्रक चालवायचा, गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर बिल ब्लॅक. ड्रमर नाहीच! मग ठेका कुठून येतो? बिल ब्लॅक बासची तार ओढून लाकडावर आपटतो, आणि वर तळव्याने फटका. टक-टक, टक-टक. त्याला स्लॅप बास म्हणतात. रेकॉर्डच्या एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं गाणं, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांच्या ब्लूग्रासमधलं. ‘ब्लू स्वेड शूज’वाला कार्ल पर्किन्स तर कापसाच्या रानात काम करता करता एका वयस्क काळ्या शेतमजुराकडून गिटार शिकला. जे दिवसा एका शाळेत, एका हॉटेलात बसू शकत नव्हते, त्यांचं संगीत असं एकत्र झालं.

पाच-सहा वर्षांत ही लाट ओसरली. रेडिओ पुढे गेला, गायक पोटापाण्याला लागले. सनी बर्जेस फिरता सेल्समन झाला. रे कॅम्पी लॉस एंजलिसमध्ये मास्तर झाला. खरं तर इथेच गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही याचं क्रेडिट कुठल्याही म्युझिक कंपनीला जात नाही. ते जातं फॅन्सना, आणि तेही भलत्याच देशांतल्या.

उदाहरणार्थ, रॉनी वाइझर. इटलीत वाढलेला हा वेडा माणूस अमेरिकेत आला, विसरलेल्या गायकांना शोधत फिरला आणि सत्तरच्या दशकात आपल्या घरातच रेकॉर्डिंग करून ‘रोलिन रॉक’ नावाचं लेबल चालवलं. मास्तर रे कॅम्पीला पुन्हा माइकसमोर उभं केलं ते यानेच. तिकडे वेल्समध्ये, न्यूपोर्ट या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात, क्रेझी कॅव्हन आणि त्याच्या बँडने क्लबांमधून हेच संगीत पेटतं ठेवलं. आणि १५ मे १९७६ ला तर लंडनमध्ये हजारो टेडी बॉइज (लांब कोट, जाड सोलचे बूट, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस) चक्क मोर्चा घेऊन बीबीसीवर गेले. मागणी काय? पगारवाढ नाही, बोनस नाही. रेडिओवर आमची गाणी लावा! सह्यांचं निवेदनबिवेदन सगळं रीतसर. आणि बॉस, मागणी मान्य झाली. रेडिओ वनवर खास रॉक अँड रोलचा कार्यक्रम सुरू झाला.

फेस्टिव्हल आले ते याच माणसांमधून. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या किनाऱ्यावर हेम्सबी म्हणून गाव आहे. तिथल्या हॉलिडे कॅम्पमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रॉक अँड रोल वीकेंडर सुरू झाला, वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये. सीझन नसताना कॅम्पच्या खोल्या स्वस्त, हे साधं गणित. सनी बर्जेससारखे लोक, ज्यांना स्वतःच्या गावात कुणी ओळखत नव्हतं, ते युरोपातल्या अशा स्टेजवर आले तर समोरच्यांना त्यांच्या प्रत्येक रेकॉर्डची मागची बाजूसुद्धा पाठ! टॉम इंग्रॅम हा इंग्लिश डीजे पुढे अमेरिकेत गेला आणि १९९८ मध्ये त्याने ‘व्हिव्हा लास वेगास’ सुरू केला. म्हणजे अमेरिकेचं संगीत अमेरिकेला परत नेऊन दिलं एका इंग्रजाने. तिथे जगभरातून हजारो लोक येतात. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन हा त्यातला मोठा भाग. या गाड्यांमध्ये स्वतः गॅरेजमध्ये घाम गाळून उभ्या केलेल्याही खूप. टोकियोच्या योयोगी पार्कात तर फेस्टिव्हलची वाटही बघत नाहीत. रविवारी लेदर जॅकेट घालून येतात, गाणी लावतात आणि नाचतात. नाचून नाचून बूट फाटले की वरून चिकटपट्टी गुंडाळतात आणि पुन्हा चालू.

सगळं गोडगोड नाहीये, हेही सांगते. युरोपातल्या या मेळाव्यांमध्ये कित्येक वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेचा जुना झेंडा मिरवला जायचा. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा झेंडा. ‘आम्हाला फक्त स्टाइल आवडते’ असं म्हणणारे होते. पण ज्या संगीताचं अर्धं रक्त काळ्या शेतमजुरांचं आहे तिथे हा झेंडा लावायचा, हे मला तरी पचत नाही. त्यावर तिथेही भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत.

आपल्याकडे रॉकबिली कुठे? बिनधास्त सांगेन, दादरला. भगवानदादांना आठवा. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, वडील गिरणी कामगार, स्वतःही मजुरी केलेली. १९५१ मध्ये त्यांनी ‘अलबेला’ काढला. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्र यांचं, आणि सोबतीला गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. पुढे १९५७ मध्ये ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ही सी. रामचंद्र यांनीच केलं. भगवानदादांचा तो डान्स कुठल्या क्लासमध्ये शिकवलेला नव्हता, तो चाळीतला होता. यशाच्या दिवसांत त्यांच्याकडे म्हणे आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या होत्या. सगळं गेलं, पुन्हा चाळीत आले, २००२ मध्ये तिथेच वारले. पण असं सांगतात की विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीपाशी थांबायची, आणि दादा खाली उतरून ती स्टेप करायचे. आता सांगा, हा फेस्टिव्हल नाही तर काय?

चाकणला रॉकबिली फेस्टिव्हल नाही. पिंपरीतही नाही. पुण्यात २०१० मध्ये ‘वीकेंडर’ सुरू झाला, तो आपला. मी गेलेय, धमाल केलीये, हातावरचा बँड आठवडाभर काढला नव्हता. म्हणून एका वर्षी मोठ्या उत्साहाने दादाला म्हटलं, चल ना माझ्याबरोबर, पास मी काढते. त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘‘गुरुवारी हाय का?’’ कारण त्याची सुट्टी गुरुवारची. इंडस्ट्रियल बेल्टमध्ये शनिवार-रविवार हा वीकेंड नसतो, हे निगडीत वाढूनही मी विसरले होते. आणि दुसरा, ‘‘तिथं आपल्याला वाजवाय भेटतंय का?’’

मी हसले होते. अरे, तिकीट काढून ऐकायला जातात, वाजवायला नाही! आज तो प्रश्न आठवला की जरा ओशाळायला होतं. कारण हेम्सबी काय, वेगास काय, तिथे नेमकं हेच भेटतं. दुपारी नाच शिकवतात, संध्याकाळी तुम्ही नाचता. मघाशी स्टेजवर असलेला माणूस आता तुमच्या शेजारी नाचत असतो.

दादा पखवाज वाजवतो. एकादशीला नाही, दर गुरुवारी. म्हाळुंग्याच्या बाजूला एका देवळात कंपनीतली नऊ-दहा पोरं जमतात. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, एक जण वाशिमचा. पेटी वाजवणारा फोर्कलिफ्ट चालवतो. टाळ वर्गणीतून घेतलेत. आळंदी एका बाजूला, देहू दुसऱ्या बाजूला, तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीत मुक्कामाला, त्यामुळे मला हे सगळं नेहमीचं वाटायचं, बॅकग्राउंडला चालू असलेल्या टीव्हीसारखं. कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धा होतात हेसुद्धा मी कधीतरी प्रेस नोटमध्ये वाचून बाजूला टाकलं होतं. बँडच्या मुलाखती घ्यायला मी कोरेगाव पार्कापर्यंत जायचे आणि हे माझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा करत होता.

परवा गेले शेवटी. गुरुवारी संध्याकाळी. चपला बाहेर, आत एकच ट्यूब आणि मच्छर. पहिले दोन अभंग फार काही खास नव्हते, पेटीवाला मागे पडत होता. मग लय वाढली आणि दादाचा डावा हात असा काही पडला पखवाजावर की मला बिल ब्लॅकच आठवला. मध्येच एका पोराचा फोन वाजला. सेकंड शिफ्टला माणूस कमी पडतोय, ये. तो टाळ खाली ठेवून गेला. बाकीच्यांनी जरा सरकून त्याची जागा भरली.

नंतर चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना स्लॅप बासचा व्हिडिओ दाखवला. फोर्कलिफ्टवाल्याने तीनदा रिवाइंड केला. दादाने टपरीच्या पत्र्यावर तो ठेका धरून बघितला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. चहावाला ओरडला. दिंडीत चालताना हे बसंल का यावर मग बरीच चर्चा झाली, निकाल काही लागला नाही.

मला त्यांनी पुढच्या महिन्यात एका गावच्या सप्ताहाला बोलावलंय, रात्रीचं जागरण. दादा येणार का ते अजून नक्की नाही. शिफ्ट बदलून मिळते का, सुपरवायझरला विचारून सांगतो म्हणाला.