कोलंबस उतरला तेव्हा किनाऱ्यावर कोण होतं?



मॅट्रिकला मी पेपरात लिहिलं होतं, अमेरिकेचा शोध कोलंबसने १४९२ साली लावला. मार्क मिळाले. मग गोदीत लागलो आणि कळलं, बोट धक्क्याला लागते तेव्हा दोर झेलणारा माणूस आधीपासून धक्क्यावर उभा असतो. कोलंबस उतरला त्या किनाऱ्यावरही माणसं उभी होती. त्यानं त्यांना 'इंडियन' म्हटलं. चूक त्याची, नाव चिकटलं त्यांना.

ही माणसं आली कुठनं? आशियातनं, सैबेरियाकडनं. हिमयुगात पाणी बर्फात अडकलं होतं, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. सैबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये कोरडी जमीन होती. विद्वान बरीच वर्षं सांगत राहिले, १३,००० वर्षांपूर्वी बर्फाच्या दोन थरांमधल्या वाटेनं शिकारी खाली उतरले, तेच पहिले. पण न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सच्या चिखलात पावलं उमटलेली सापडली. बरीचशी पोरासोरांची. २०२१ साली वय जाहीर झालं : २१,००० ते २३,००० वर्षं. शंका घेतली गेली, २०२३ साली पुन्हा तपासलं, वय तेच. तेव्हा ती मधली वाट बर्फानं बंद होती. म्हणून आता काही अभ्यासक म्हणतात, माणसं किनाऱ्याकिनाऱ्यानं होड्यांतनं आली असतील. म्हंजे आपल्यासारखीच, खाऱ्या पाण्याची.

तुम्ही म्हणाल, वीस हजार वर्षांपूर्वीचं मढं आज कशाला उकरतोस? उकरलं मी नाही. १९९६ साली वॉशिंग्टन राज्यात केनेविकजवळ नदीकाठी एक सांगाडा मिळाला. सुमारे ८,५०० वर्षांचा. कवटी बघून कुणी म्हणालं, हा गोऱ्या वळणाचा दिसतो. झालं! वर्तमानपत्रांत चर्चा, अमेरिकेत आधी गोरेच आले की काय? तिथल्या जमाती सांगत होत्या, हा आमचा पूर्वज, आम्हाला द्या, मातीत ठेवू. शास्त्रज्ञ कोर्टात गेले आणि २००४ साली जिंकले. २०१५ साली डीएनए बोलला, माणूस आदिवासींचाच. २०१७ साली त्यांनी त्याला मूठमाती दिली. एकवीस वर्षं गेली.

ही चाल जुनीच. १९व्या शतकात मिसिसिपीच्या खोऱ्यातले मातीचे प्रचंड टेकाड बघून गोरे म्हणायचे, हे कुठल्यातरी नष्ट झालेल्या थोर वंशानं बांधलं, या रानट्यांनी नव्हे. त्याच काळात, १८३० साली, त्यांना हाकलायचा कायदा झाला. टेकाड आदिवासींच्याच पूर्वजांचे, हे सायरस थॉमसनं दाखवलं १८९४ साली. तोवर जमीन गेली होती.

आता नवी चाल : 'तेही बाहेरूनच आले, मग सगळे सारखेच.' वा रे हिशेब! कोऱ्या जमिनीवर चालत येणं आणि दुसऱ्याच्या छातीवर पाय देऊन येणं एकच काय?

विज्ञान नको, असं मी म्हणत नाही. डीएनएनंच खोटं उघडं पाडलं. माझा सवाल एवढाच, हाडं कुणाची आणि ती कुणाच्या कपाटात?

धाकट्या भावाच्या वहीत कोलंबसचं ते वाक्य दिसलं तर खोडा. खाली लिहा : शोध लागलेलाच होता. पायांनी लावला होता.